मॉडेल निवडण्याआधी: एआय आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "कोणतं मॉडेल वापरू?" मी दर वेळी उलट विचारते, "मोजायचं काय आहे?" मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. ती शांतता मला आवडते, कारण खरं काम तिथून सुरू होतं.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकलेले, ज्यांना कोडची धास्ती वाटते. दुसरे, कोड सहज लिहिणारे, ज्यांना माणसांविषयीचे प्रश्न खुणावतात. दोघांकडे अर्धी अर्धी शिदोरी आहे, पण पाय घसरण्याची जागा दोघांचीही एकच: मोजायचं होतं एक आणि हातात आलेला आकडा भलत्याच गोष्टीचा. खालच्या बहुतेक पायऱ्या ही घसरण टाळण्यासाठी आहेत.

पायरी १: तुमच्या अभ्यासात एआय नेमकं कुठे बसतं?

"एआय आणि समाज" एवढ्यावर संशोधन होत नाही. आधी जागा ठरवा. ढोबळमानाने चार जागा आहेत.

पहिली, एआय हाच अभ्यासाचा विषय. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्यांनी नवं मॉडेल बनवलं नाही. सहा देशांच्या संसद सदस्यांचे १,२७० फोटो जमवले आणि सगळ्यांची मिळून एकच सरासरी न काढता गट पाडून मोजणी केली. ही गट पाडण्याची सवय अगदी पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दुसरी जागा, एआय हे साधन. हजारो भाषणं, बातम्या, तक्रारी किंवा मुलाखती वाचून वर्गवारी करायची आहे आणि ते काम मॉडेलकडून करून घ्यायचं आहे. नव्या माणसासाठी सुरुवात करायला हीच जागा सर्वांत बरी, म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावर आहे.

तिसरी, एआय माणसाच्या जागी. म्हणजे सर्व्हेला माणसांऐवजी मॉडेलने उत्तरं द्यायची. यावर सध्या सगळ्यात जास्त वाद आहे; त्याकडे पुढे येऊच.

चौथी, एआय माणसांशी बोलतं, त्यांच्याबरोबर काम करतं, आणि आपण माणसांमध्ये काय बदललं ते पाहतो. कॉस्टेलो, पेनीकुक आणि रँड यांनी २०२४ मध्ये कटकारस्थानांच्या कथांवर विश्वास असलेल्या २,१९० अमेरिकी लोकांना मॉडेलशी चर्चा करायला लावलं. त्यांचा तो विश्वास सरासरी सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला आणि दोन महिन्यांनीही तो परिणाम टिकून होता. ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या ५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांचं काम पाहिलं. एआयच्या मदतीने सरासरी उत्पादकता वाढली, पण ती वाढ प्रामुख्याने नवख्यांच्या पदरात पडली. मुरलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. असे अभ्यास महाग असतात आणि त्यांना बराच वेळ लागतो. पहिल्याच कामाला यात उडी घेऊ नका.

संगणकशास्त्र आणि सामाजिक शास्त्रं या दोन विद्याशाखांचं नातं कालपरवाचं नाही, हेही सांगायला हवं. हर्बर्ट सायमन यांची पीएचडी राज्यशास्त्रातली. संस्थांमध्ये माणसं निर्णय कसे घेतात या प्रश्नापासून ते संगणकाकडे वळले. १९७५ मध्ये त्यांना अ‍ॅलन न्यूएल यांच्यासोबत संगणकशास्त्राचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल. "मी या बाजूचा की त्या बाजूचा" या प्रश्नात अडकलेल्यांना मी त्यांचं उदाहरण देते.

पायरी २: प्रश्न लिहा आणि त्याखाली आकड्याचं नाव लिहा

एक कागद घ्या. वर तुमचा प्रश्न साध्या भाषेत लिहा. त्याखाली, तुमच्या डेटामध्ये प्रत्यक्ष कोणता रकाना आहे ते लिहा. दोहोंमधलं अंतर किती, ते बघा.

या अंतराची किंमत किती मोठी असते हे झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासातून कळतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये एक प्रणाली सर्रास वापरली जात होती. कोणत्या रुग्णांना जास्तीच्या देखभालीची गरज आहे हे ती सांगायची. पण गरज हा रकाना कुठल्याच नोंदवहीत नसतो. खर्च हा रकाना असतो. म्हणून प्रणाली "पुढच्या काळात या रुग्णावर किती खर्च होईल" हे वर्तवायची आणि तोच आकडा गरज म्हणून पुढे जायचा. खर्चाचं भाकीत तिला बऱ्यापैकी जमत होतं. अडचण अशी की कृष्णवर्णीय रुग्णांना उपचार मिळण्यातच अडथळे होते, त्यामुळे तेवढ्याच आजारपणात त्यांच्यावर खर्च कमी झालेला होता. परिणामी, सारखे गुण मिळालेल्या दोन रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी निघायचा. ही चूक दुरुस्त केली तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं.

इथे कोडमध्ये चूक नव्हती. वंश हा रकाना तर मॉडेलला दिलेलाच नव्हता. चूक होती "गरज" आणि "खर्च" एकच धरण्यात. ती पकडायला आरोग्यव्यवस्थेत पैसा कोणावर खर्च होतो आणि कोणावर होत नाही, हे माहीत असावं लागतं, आणि ते ज्ञान सामाजिक शास्त्रांचं आहे. म्हणून कोड न येणाऱ्या वाचकाने या क्षेत्रात स्वतःला पाहुणा समजू नये.

कागदावरच्या दोन ओळींमधलं अंतर तुम्हाला एका परिच्छेदात समजावून सांगता येत नसेल, तर प्रश्न बदला. या टप्प्यावर बदलणं स्वस्त असतं.

पायरी ३: वाचन

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, पण दोन-चार गोष्टी सांगते. संगणकशास्त्रात नवं काम आधी परिषदांमध्ये येतं आणि सामाजिक शास्त्रांत नियतकालिकांमध्ये. त्यामुळे दोन्हीकडे शोधावं लागतं. न्याय, पारदर्शकता आणि जबाबदारी या अंगाने पाहायचं असेल तर फॅक्ट (FAccT) परिषद, समाजमाध्यमांच्या अभ्यासासाठी आयसीडब्ल्यूएसएम (ICWSM), संगणकीय सामाजिक शास्त्रासाठी आयसीटूएसटू (IC2S2). प्रीप्रिंट हवे असतील तर अर्काइव्ह (arXiv) आणि सोशअर्काइव्ह (SocArXiv) ही संकेतस्थळं. प्रीप्रिंट म्हणजे अजून कोणी तपासलेलं नाही असं लिखाण, हे विसरू नका. बातम्यांमध्ये गाजणारे बरेच निष्कर्ष याच अवस्थेतले असतात.

वीस पेपर वरवर चाळण्यापेक्षा एकच पेपर त्याच्या डेटा आणि कोडसकट उघडून बसा. त्यातला एक तक्ता स्वतः काढून पाहा. पहिल्या प्रयत्नात आकडे जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे शोधताना जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळत नाही. शिकण्याची शिस्तबद्ध सामग्री हवी असेल तर २०१७ पासून भरणाऱ्या संगणकीय सामाजिक शास्त्राच्या उन्हाळी शिबिरांची, म्हणजे एसआयसीएसएसची (SICSS), व्याख्यानं आणि सराव इंटरनेटवर मोफत आहेत.

आणि संदर्भ शोधायला चॅटबॉट वापरत असाल तर प्रत्येक पेपर उघडून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच यादीत टाका. शीर्षक खरं वाटणारं, लेखक खरे, पण असा पेपरच अस्तित्वात नाही, हे नेहमी घडतं.

पायरी ४: डेटा कुठून आला, आणि कोण त्यात नाही

२००८ मध्ये गूगलने फ्लू ट्रेंड्स नावाची सेवा सुरू केली. लोक काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ कुठे किती आहे याचा अंदाज ती बांधायची. सुरुवातीला कौतुक झालं. पण ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे तिचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होता, असं डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. २०१५ मध्ये ती बंद झाली. कारणं समजून घेण्यासारखी आहेत: हिवाळ्यात वाढणारे काही शोध फ्लूशी संबंध नसतानाही त्यात धरले गेले, आणि कंपनी स्वतःच शोधयंत्रात सतत बदल करत होती. म्हणजे लोकांचं वागणं बदललं की यंत्राने लोकांना वेगळं वागायला लावलं, हे बाहेरून कळायला मार्गच नव्हता.

समाजमाध्यमांचा कोणताही डेटा घ्या, हा प्रश्न असतोच. तिथे दिसणारं वागणं त्या यंत्राने काय समोर ठेवलं त्यावर अवलंबून असतं. शिवाय जे बोलत नाहीत ते डेटात नसतात. माझा साधा नियम आहे: डेटाचं वर्णन लिहिताना "यात कोण नाही" यावर निदान अर्धं पान लिहायचं. अर्धं पान भरत नसेल तर डेटा अजून ओळखीचा झालेला नाही.

डेटा मिळवणंही आता अवघड झालं आहे. ट्विटरने संशोधकांना मोफत दिलेला मार्ग २०२३ मध्ये बंद केला, मेटाने पोस्ट कशा पसरतात ते पाहण्याचं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ४० ने मात्र पडताळणी झालेल्या संशोधकांना मोठ्या मंचांचा डेटा मागण्याचा हक्क दिला आहे. पहिल्या कामासाठी मी म्हणेन, या भानगडीतच पडू नका. संसदेतली भाषणं, न्यायालयांचे निकाल, खुले सर्व्हे, जुनी वर्तमानपत्रं असा सार्वजनिक आणि स्थिर डेटा घ्या. उद्या दुसऱ्या कोणालाही तो तसाच मिळाला पाहिजे.

पायरी ५: आधी हाताने, मग मॉडेलने

ही पायरी सगळे गाळतात. मीही एकदा गाळली होती. हजारो मजकूर मॉडेलकडून वर्गीकृत करून घेतले, तक्ते काढले, आणि मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यातले पन्नास वाचायला मागितले. पस्तिसाव्यापर्यंत आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं की माझा "राग" हा वर्ग म्हणजे राग आणि निराशा यांची खिचडी आहे. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं.

म्हणून आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा सार्वजनिक सेवेबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय आहेत आणि तुम्हाला "तक्रार" वेगळी काढायची आहे. सोपं वाटतं. आता हे वाक्य पाहा:

"अर्ज करून तीन महिने झाले, आता तरी उत्तर मिळेल का?"

तुम्ही म्हणाल तक्रार. तुमची सहकारी म्हणेल विनंती. व्याकरणाने पाहिलं तर हा प्रश्न आहे. "आता तरी" या दोन शब्दांत सगळी चीड आहे, पण तुमच्या व्याख्येत "चीड दिसली तर तक्रार" असं लिहिलंय का? की सेवेतली उणीव स्पष्ट सांगितली तरच तक्रार? पुढचं वाक्य घ्या: "वा, काय तत्परता आहे!" एकटं वाचलं तर कौतुक, वरच्या वाक्यानंतर वाचलं तर टोमणा. म्हणजे एक वाक्य हे एकक धरायचं की अख्खा अभिप्राय, हेही ठरवायला हवं.

अशा भांडणांतून जे लिहून निघतं त्याला कोडबुक म्हणतात: प्रत्येक वर्गाची व्याख्या, आत काय, बाहेर काय, आणि सीमेवरची खरी उदाहरणं. कमीत कमी दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता, निदान दोनशे मजकुरांना लेबलं लावायची. मग जुळणी मोजायची.

जुळणी मोजताना नुसते टक्के फसवतात. समजा १०० अभिप्रायांपैकी ८४ वर दोघांचं एकमत झालं. छान वाटतं. पण दोघांनीही ८० अभिप्रायांना "तक्रार नाही" म्हटलं असेल, तर डोळे मिटून लेबलं लावली असती तरी ६८ ठिकाणी एकमत झालंच असतं (०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२). योगायोगापलीकडे जाण्याची मुभा होती ३२ ची, तुम्ही गेलात १६ नी. म्हणजे ०.५०. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा (kappa) नावाचा निर्देशांक तो हाच. क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा नावाचा असाच निर्देशांक आहे, त्यात ०.८० च्या वर विश्वासार्ह आणि ०.६६७ च्या खाली असेल तर निष्कर्ष काढू नयेत, असा संकेत पाळतात. ०.५० आलं तर मॉडेलकडे धावू नका, कोडबुककडे परत या. दोन माणसांना ज्यावर एकमत करता येत नाही, त्यावर मॉडेल एक ठाम उत्तर देईल, आणि तो ठामपणा सगळ्यांत धोक्याचा.

आता मॉडेल. गिलार्डी, अलीझादेह आणि कुबली यांनी २०२३ मध्ये दाखवलं की बऱ्याच वर्गीकरणांत चॅटजीपीटी ऑनलाइन मजुरीवर काम करणाऱ्यांपेक्षा अचूक ठरलं, तेही सुमारे तीस पट स्वस्तात. हे खरं आहे आणि त्याने अनेकांची कामं सोपी झाली. पण ते तुमच्या वर्गांना, तुमच्या भाषेला, तुमच्या मजकुराला लागू पडतंच असं नाही. हाताने लावलेल्या लेबलांचे दोन भाग करा. एका भागावर प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला द्यायची सूचना, घासूनपुसून घ्या. दुसरा भाग कुलूपबंद ठेवा आणि शेवटी एकदाच उघडा.

आणि अचूकता ८९ टक्के आली म्हणून खूश होण्याआधी हा हिशोब करा. १,००० अभिप्राय आहेत, त्यात खऱ्या तक्रारी १००. मॉडेलने त्यातल्या ८० पकडल्या. उरलेल्या ९०० मधून ९० ना चुकून तक्रार म्हटलं. एकूण अचूकता ८९ टक्के. पण तुमच्या पेपरमध्ये छापलं जाणार "तक्रारींचं प्रमाण १७ टक्के", जे खरं आहे १० टक्के. शंभरातल्या ८९ वेळा बरोबर असलेल्या मॉडेलने निष्कर्ष जवळपास पावणेदोन पट फुगवला. त्यात ही चूक शहर-गाव, स्त्री-पुरुष अशी सगळीकडे सारखी नसेल तर गटांमधला फरकही खोटा निघतो.

यावर उपाय निघाले आहेत. हाताने लेबल लावलेला छोटा, यादृच्छिक निवडलेला नमुना आणि मॉडेलने लेबल लावलेला मोठा साठा एकत्र वापरून अंदाजातली चूक दुरुस्त करायची, अशी पद्धत आहे. अँजेलोपोलोस आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तिचं एक रूप मांडलं, त्याच वर्षी एगामी आणि सहकाऱ्यांनी खास सामाजिक शास्त्रांसाठी दुसरं. दोन्हींची सॉफ्टवेअर पॅकेजं उपलब्ध आहेत. सांगायचा मुद्दा, ती दोनशे हाताची लेबलं शेवटपर्यंत लागतात.

पायरी ६: साध्या मॉडेलशी शर्यत लावा

अमेरिकेत २००० च्या आसपास जन्मलेल्या मुलांच्या कुटुंबांचा पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास आहे. मॅथ्यू सॅलगानिक आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ४,२४२ कुटुंबांची माहिती, जवळपास १३,००० रकाने, १६० संघांसमोर ठेवली आणि विचारलं: मूल नऊ वर्षांचं होईपर्यंतची माहिती देतो, पंधराव्या वर्षी काय झालं ते सांगा. अभ्यासातले गुण, घरातली चणचण, राहत्या घरातून काढलं जाणं अशा सहा गोष्टी. यंत्रशिक्षणाची (मशीन लर्निंगची) सगळी आयुधं वापरून झाली. २०२० मध्ये निकाल आला. सर्वोत्तम भाकितंही फारशी अचूक नव्हती, आणि फक्त चार रकाने वापरणाऱ्या जुन्यापुराण्या मॉडेलपेक्षा ती थोडीशीच सरस होती.

मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही. माणसाच्या आयुष्यात पुढे काय होईल हे तेरा हजार रकान्यांतूनही पुरतं कळत नाही, हे कळणं मोलाचं आहे. तुमच्यासाठी धडा व्यवहाराचा: गुंतागुंतीचं मॉडेल चालवण्याआधी साधं चालवा आणि दोन्हींचे आकडे शेजारी छापा.

गुंतागुंतीचं मॉडेल फारच पुढे गेलं तर आनंद करण्याआधी गळती शोधा. गळती म्हणजे ज्या माहितीवर परीक्षा घ्यायची तिचा अंश शिकवण्याच्या माहितीत झिरपणं. सायश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये १७ क्षेत्रांतल्या २९४ पेपरांवर अशा गळतीचं सावट असल्याचं दाखवलं. यादवी युद्धाचं भाकीत करणारे काही नावाजलेले अभ्यास त्यांनी पुन्हा करून पाहिले. गळती बुजवल्यावर गुंतागुंतीच्या मॉडेलांची आघाडी नाहीशी झाली.

पायरी ७: माणसांऐवजी मॉडेलला विचारावं का?

लिसा आर्गाइल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जीपीटी-३ ला खऱ्या सर्व्हेतल्या लोकांची ओळख देऊन, म्हणजे वय, वंश, राजकीय कल वगैरे सांगून, "आता तू हा माणूस आहेस, उत्तर दे" असं केलं. उत्तरांचा घाट अमेरिकी मतदारांच्या गटांशी बराच जुळला. तेव्हापासून या वाटेने पुष्कळ लोक गेले. २०२४ च्या एका प्रीप्रिंटमध्ये जून संग पार्क आणि सहकाऱ्यांनी १,०५२ लोकांच्या प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या प्रतिकृती बनवल्या. तीच माणसं दोन आठवड्यांनी स्वतःचीच उत्तरं जितकी जुळवू शकली, त्याच्या ८५ टक्के अचूकता प्रतिकृतींनी गाठली.

दुसरी बाजू बिसबी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडली. सरासरी जुळते, पण उत्तरांतली विविधता आटते. प्रॉम्प्टचे शब्द बदलले की निकाल बदलतो, आणि तोच प्रॉम्प्ट काही महिन्यांनी दिला तरी बदलतो. माझं मत या बाजूला झुकतं. सामाजिक शास्त्राला सरासरी माणसापेक्षा माणसामाणसांतला फरक हवा असतो, आणि मॉडेल नेमका तोच गुळगुळीत करतं. ज्यांचं लिखाण इंटरनेटवर थोडं आहे अशा समाजांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. प्रश्नावली बेतताना, कोणता प्रश्न संदिग्ध आहे हे चाचपताना मॉडेलला जरूर विचारा. पण "लोकांना असं वाटतं" हे वाक्य लिहायचं तर लोकांना विचारलेलं असलं पाहिजे.

यात आणखी एक गुंता आहे. ऑनलाइन सर्व्हे भरणारी माणसंच आता चॅटबॉटकडून उत्तरं लिहून घेऊ लागली आहेत. मोकळ्या उत्तरांचे रकाने स्वतः वाचा.

पायरी ८: संमती

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरातला आनंदी किंवा दुःखी भाग आठवडाभर कमी करून पाहिला. २०१४ मध्ये ते छापून आलं तेव्हा आपल्यावर प्रयोग झाला हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. नियतकालिकाला नंतर चिंता व्यक्त करणारी टीप छापावी लागली. २०२५ मध्ये झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिटवरच्या एका चर्चागटात माणसांचं सोंग घेतलेले बॉट सोडल्याचं उघड झालं. त्यांनी १,७०० हून अधिक प्रतिसाद लिहिले, काहींत तर अत्याचार सोसलेल्या व्यक्तीचं खोटं रूप घेतलं. त्या गटातली माणसं मनापासून, आपलं मत बदलू शकतं या विश्वासाने बोलत होती. तो विश्वास संशोधनाच्या नावाखाली वापरला गेला. टीकेनंतर निकाल प्रसिद्ध न करायचं ठरलं.

तुमच्या संस्थेत एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडे काम सुरू होण्याआधी जा, संपल्यावर नाही. डेटा सार्वजनिक असला तरी लिहिणाऱ्याने तो संशोधनासाठी लिहिलेला नसतो. पेपरमध्ये पोस्ट जशीच्या तशी उद्धृत केली की शोधयंत्रात टाकून माणूस सापडतो, म्हणून शब्द बदला किंवा परवानगी घ्या. मुलाखतीसारखा खाजगी मजकूर कंपनीच्या सर्व्हरवरच्या मॉडेलला देण्याआधी तो कुठे साठवला जातो ते वाचा. शक्य असेल तिथे स्वतःच्या संगणकावर चालणारं खुलं मॉडेल वापरा. आणि पैसे देऊन लेबलं लावून घेत असाल तर वेळेचा हिशोब करून नीट मोबदला द्या. हिंसक किंवा अश्लील मजकूर असेल तर आधी सांगा आणि नकार द्यायची मुभा ठेवा.

पायरी ९: नोंदवही

पहिल्या दिवसापासून एक साधी फाइल ठेवा. तारीख, मॉडेलचं नाव आणि नेमकी आवृत्ती, प्रॉम्प्ट शब्दशः, सेटिंग, आणि त्या दिवशी काय बदललं व का. कंपन्या मॉडेल बदलतात, जुनी आवृत्ती बंद करतात. सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारलं तर तुमच्याकडे या फाइलशिवाय काही नसतं. याच कारणाने खुल्या मॉडेलांकडे संशोधकांचा ओढा वाढतो आहे. आवृत्ती उतरवून ठेवली की ती तुमची.

गृहीतक तपासणारं काम असेल तर डेटा पाहण्याआधी काय शोधणार आणि कसं, हे ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळासारख्या ठिकाणी नोंदवून ठेवा. प्रॉम्प्ट वीस प्रकारे लिहिता येतो आणि त्यातल्या एखाद्या प्रकाराने हवं ते उत्तर मिळतंच. कोणताही प्रामाणिक माणूस नकळत तो प्रकार निवडतो. मीही निवडला असता.

पहिलं काम लहान ठेवा. एक प्रश्न, एक सार्वजनिक साठा, दोन वर्ग, पाचशे मजकूर, एक जोडीदार. जोडीदार दुसऱ्या विद्याशाखेचा असेल तर फारच उत्तम. पहिल्या महिन्यात तक्त्यात तीनच रकाने असू द्या: मजकूर, तुमचं लेबल, जोडीदाराचं लेबल. आठवड्यातून एकदा दोघांनी बसून न जुळलेल्या ओळी मोठ्याने वाचा आणि कोडबुक दुरुस्त करा. मॉडेलचा चौथा रकाना त्यानंतर जोडा.